फुग्याची शेपटी

साल दोन हजार तेवीस. माझं वय बाहत्तर. त्या वैशाखात नातीचं लग्न होतं आणि त्याच आठवड्यात माझं अकरावं पुस्तक अलिबागच्या छापखान्यात मशीनवर चढायचं होतं. लग्नाची तारीख भटजींनी काढली, छपाईची छापखानेवाल्या अन्वरने. माझा दोन्हीत हात नव्हता. तरी घरात सगळ्यांना वाटलं की म्हाताऱ्याने मुद्दाम जुळवून आणलं.

या अंकाच्या संपादकांनी मला विचारलंय, घरसंसार सांभाळून तुम्ही चित्रकथा कशा काढता. सांभाळून हा शब्द त्यांचा. मी काय सांभाळलं आणि काय सांडलं ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

आम्ही उरणकडचे आगरी. आजा, बाप मिठागरावर. मी चौथीनंतर मिठाच्या हंगामाला गेलो तो शाळेत परत गेलोच नाही. अक्षरं शिकलो ती पाट्या रंगवून. होडीच्या नाळेवर नाव, ट्रकच्या मागे शेर, दुकानावर बोर्ड. आमच्या पट्ट्यात माझ्या हातचं अक्षर लांबून ओळखायचे. मग रेडियमचे स्टिकर आले, फ्लेक्स आला, आणि पेंटरला कुणी विचारेना. लोक म्हणाले, आता आराम कर. मला आराम करता येत नाही. ब्रश होता, शाई होती, गोष्टी होत्या. चित्रकथा काढायला लागलो. लिहिणारा मी, काढणारा मी, विकणारा मी. मुंबईच्या एका बाईने तरीवर, म्हणजे करंजा-रेवसच्या प्रवासी होडीत, पुस्तक चाळून विचारलं, याचे प्रकाशक कोण? मी म्हटलं, मीच. वितरण? मी खांद्यावरची पिशवी दाखवली.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना सांगतो. चित्रकथेचं पान म्हणजे मिठागर. चौकोन पाडायचे, मधे बांध ठेवायचे. मिठागरात पाणी एका चौकोनातून दुसऱ्यात सोडतात, प्रत्येक ठिकाणी थोडं आटतं, शेवटच्या चौकोनात मीठ दिसायला लागतं. गोष्टीचं तेच. पहिल्याच चौकोनात मीठ दाखवायला गेलात तर हाताला चिखल लागेल. आणि माणसं जे बोलतात ते ज्या गोलात लिहायचं त्याला मी फुगा म्हणतो. फुग्याला एक शेपटी असते. शेपटी ज्याच्या तोंडाकडे, बोलणं त्याचं.

ही शेपटी दिसते एवढीशी, पण माणूस गोत्यात येतो तो तिच्यामुळे. चौथ्या पुस्तकात मी तरीवरचं भांडण काढलं होतं. कोंबड्यांची टोपली घेतलेला एक गडी दुसऱ्याला शिवी देतो. मागच्या गर्दीत शेजारच्या गावचे एक माजी सरपंच हौसेने काढले होते, गप्प उभे. शेपटी जरा लांबली आणि शिवी सरपंचांच्या तोंडात गेली. दोन माणसं घेऊन घरी आले.

"मी शिवी दिली कवा?"

मी म्हटलं, तुम्ही दिली नाय, माझी शेपटी घसरली.

"मंग कापून टाक."

रेवसच्या धक्क्यावर बसून मी उरलेल्या प्रत्येक पुस्तकात पांढऱ्या रंगाने ती शेपटी पुसली आणि नवी काढली. सरपंच शेजारी उभे राहून बघत होते. जाताना म्हणाले, पुढच्या पुस्तकात मला काहीतरी बोलायला दे, गप उभा केलास तर लोक म्हणतात सरपंचाला तोंडच नाय.

एक थळची बाई आहे. तिचा नवरा समुद्रात गेला तो आला नाही. तिने मला त्याचा फोटो आणून दिला, म्हणाली, गर्दीत कुठंतरी काढ. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात मी त्याला काढतो, कधी तिकिटाच्या रांगेत, कधी जत्रेत पाळण्याखाली. ती गोष्ट वाचत नाही. पहिल्यांदा त्याला शोधते, सापडला की पुस्तक पिशवीत टाकते. तिने सांगितलं म्हणून मी काढलं. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

घरात मी कुणालाच विचारलं नाही. मुलगा दत्ता बंदरावर ट्रेलर चालवतो, त्याचं आणि सुनेचं भांडण मी दुसऱ्या पुस्तकात घातलं. सुनेची आई पुस्तक घेऊन आली, ही माझी पोरगी हाय का म्हणून. मग आमच्याकडे नियमच झाला, जेवताना महत्त्वाचं काही बोलायचं नाही, म्हातारा काढेल. मी ताटावर बसलो की सगळी मीठ-भात एवढंच बोलायची. मला राग यायचा. शेतकऱ्याने आपल्या शेतात पेरू नये तर कुणाच्या? माझं शेत हेच. आजही माझं म्हणणं तेच आहे, थोडा फरक पडलाय तो शेवटी दिसेल.

आता माझी बायको. हिराबाय. ही धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले गातात, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी असतो, मंगलाष्टकं होतात, पण धवला झाल्याशिवाय जुन्या माणसांना लग्न लागलंसं वाटत नाही. धवल्यात देवांना, दर्याला, गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलावतात. हिराबायला तिच्या मावशीने शिकवलं. शिकवताना एक अट घातली, मांडव नसेल तिथे धवल्याचा शब्द तोंडातून काढायचा नाही. सगळ्याच धवलारणी असं पाळतात असं मी म्हणत नाही, आजकाल मोबाइलवर पण गातात. ही पाळते. घरात कामं करताना नुसता सूर गुणगुणते, शब्द नाही. एकदा नात लहान असताना म्हणाली, आजी, शब्द म्हण ना. ही म्हणाली, "बोलावला आन मांडव नसला, तं ते बसतील कुठं?"

मी तिच्या पिशव्या उचलायला किती लग्नांना गेलो असेन. मांडवाच्या मागे कनातीजवळ बसायचो. ऐकून ऐकून मला धवले पाठ झाले. हल्ली पोरं डीजे लावायची घाई करतात, बायांना दोन धवले झाले की उठवतात. शिकायला कुणी येत नाही. मी मनाशी ठरवलं, हे जाऊ द्यायचं नाही. अकरावं पुस्तक एका धवलारणीचं. चेहरा हिराबायचा, लुगडं हिराबायचं, आणि प्रत्येक पानावर फुग्यात धवला, अख्खा. वर्षभर मी ते तिच्यापासून लपवून काढलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात अन्वरने एक नमुना पान छापून पाठवलं. नात रुपाली, जिचं लग्न, तिने ते बघितलं आणि आनंदाने फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला टाकलं. पोरीचा दोष नाही, तिला आजा-आजीचं कौतुक.

दुपारी हिराबाय ओटीवर सोडे निवडत बसली होती. मी समोर पेन्सिली तासत होतो. रुपालीचा फोन वाजला, नवऱ्या मुलाची आत्या होती, तिला आजीशी बोलायचं होतं. पोरीने स्पीकर लावून फोन सुपाजवळ ठेवला. आत्याबाई म्हणाल्या, हिराबाय, काय गो सुंदर लिवलाय, आम्ही सगळ्या चुलीजवल बसून वाचतोय. आणि त्यांनी धवल्याच्या दोन ओळी वाचल्या. वाचल्या नाही, सूर लावून म्हटल्या. मागून दोन पोरी हसत साथ देत होत्या.

हिराबायचा हात सोड्यांत थांबला. फोन बंद झाल्यावर तिने सूप बाजूला सरकवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मना इचारला व्हता?"

मी म्हटलं, "तुना इचारला असता तं तू नाय बोलली असतीस."

"मंग उत्तर माहीत व्हता तुमाला."

यावर मी पेन्सिल तासत राहिलो. मग मला जे वाटत होतं ते बोललो. तू गेल्यावर हे कोण गाणार? एक तरी पोरगी शिकायला आली का? कागदावर राहिलं तर राहील. ती उठली, सूप आत ठेवलं, आणि दारात येऊन म्हणाली, "मी गेल्यावरचा मी गेल्यावर बघा. जिती हाय तवरच मना कागदावर कशाला पुरताव?"

त्यानंतर तिने सांगून टाकलं की रुपालीच्या हळदीला ती गाणार नाही. शब्द बाहेर गेले, कुणाच्यातरी चुलीजवळ मांडवाशिवाय हाक मारून झाली, आता तीच हाक पुन्हा कुठल्या तोंडाने मारू, असं तिचं म्हणणं.

घरात आग लागल्यासारखं झालं. दुसरी धवलारीण आणावी तर नवरीची आजी धवलारीण असताना दुसरी कोण येईल, आणि आली तर गाव काय म्हणेल. रुपाली रडून म्हणाली, आजी गाणार नसेल तर मी हळदीला बसणारच नाही. संध्याकाळी दत्ता ट्रेलर लावून आला तो कपडे न बदलता माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, अन्वरभायला फोन कर, छपाई थांबव, आयला सांग पुस्तक निघणार नाय.

मी म्हटलं, "तुझा ट्रेलर मी कवा थांबवला काय?"

"माझा ट्रेलर घरातल्या मानसाच्या अंगावरून नाय जात, बाबा."

मुलाने बापाला असं बोलावं का हा प्रश्न वेगळा. मी फोन केला नाही. माझंही एक आहे, कुणी थांब म्हटलं की माझे पाय पुढेच पडतात. आणि मला वाटत होतं की मी बरोबर आहे. बरोबर असलेल्या माणसाने का थांबायचं?

हिराबायने रुपालीला जवळ घेतलं, म्हणाली, तू बसशील, मी मांडवात येईन, गाईन का नाय ते तवा बघू. यापुढे तिने कुणालाच काही सांगितलं नाही. माझं ताट वाढायची, चहा द्यायची. पण गुणगुणणं बंद झालं. इतकी वर्षं तो सूर घरात होता म्हणून मला तो ऐकूच येत नव्हता. आता भाकरी थापताना नुसते हात वाजायचे. पाहुणे येत होते, मांडव चढत होता, दारात रुपालीचा आणि नवऱ्या मुलाचा हा एवढा फ्लेक्स लागला, आणि घरातली प्रत्येक बाई हिराबायच्या तोंडाकडे बघत होती.

हळदीच्या दिवशी सकाळी अन्वरचा फोन आला. चाचा, उद्या प्लेट चढवतो, एकदा चढली की मग काही बदलता येणार नाही, शेवटचं सांगा. मी मांडवाखाली उभा होतो. हिराबाय पलीकडे हळद कालवत होती, तिला ऐकू जात होतं हे मला माहीत होतं. मी म्हटलं, चढव.

तिने मान वर केली नाही.

दुपारी रुपालीला पाटावर बसवलं. दत्ताने डीजेवाल्याला सांगून ठेवलं होतं की आई उठेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, आणि आई मुकी राहिली तर लगेच लाव, म्हणजे लोकांना कळणार नाही. मुलाने आईसाठी असा बंदोबस्त केला होता. नवऱ्याकडच्या बाया हळद घेऊन आल्या होत्या, फोनवर गायलेली ती आत्या पुढेच. हिराबाय हिरवं लुगडं नेसून आली, पिठाने काढलेल्या चौकासमोर बसली. बाजूला गंगूबाय, जी तिला इतकी वर्षं साथ देते. मी माझ्या जागी, कनातीमागे.

हिराबायने सूर लावला. नुसता सूर. आ काढून एक फेरी झाली, शब्द नाही. गंगूबायला वाटलं हिचा घसा बसला, ती वाकून विचारायला लागली. हिराबायने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "शब्द यांनी कागदावर नेले. माझ्याकडं सूर तेवढा ठेवलाय."

दोन-चार जणी हसल्या आणि मग थांबल्या. आत्याबाईंनी मान खाली घातली. दत्ता डीजेच्या पोराकडे बघत होता. हिराबायने पुन्हा तोच सूर फिरवला, आणि गंगूबायने चाचपडत पहिली ओळ त्यात घातली. मागून एका म्हातारीने दुसरी घातली. मला माहीतच नव्हतं की त्या म्हातारीला येते. तिसऱ्या ओळीला सगळ्या अडल्या. सूर फिरून परत आला, कुणाला आठवेना. मला आठवत होतं, पण पुरुषाने तिथे तोंड उघडायचं नसतं.

आणि पाटावरून रुपालीने ती ओळ म्हटली. पिवळी झालेली, डोळे मिटलेले, माझ्या पानावर वाचलेली ओळ तिने जशीच्या तशी सुरात म्हटली.

क्षणभर मी फुगलो. म्हटलं, बघा, कागदावर होती म्हणून मिळाली. तेवढ्यात गंगूबाय पदर तोंडाला लावून ओरडली, "अगो रुपाले, हलदीलाच दिराला हाक? नवरा काय बोलल तुझा?"

अख्खा मांडव हसायला लागला. नवऱ्याकडच्या बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या, नवऱ्या मुलाचा लहान भाऊ आला होता तो लाजून फ्लेक्सच्या मागे गेला. त्या ओळीत दर्याला बोलावतात. मुलगी देताना पहिली हाक दर्याला. गाताना तो शब्द लांबतो, खाली उतरतो, आणि मी कनातीमागे बसून इतकी वर्षं 'दिरा' ऐकत आलो होतो. तसंच लिहिलं. छान वळणदार अक्षरात, शेपटी हिराबायच्या तोंडाकडे.

हिराबाय हसली नाही. तिने हात वर केला, मांडव गप्प झाला. रुपालीच्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "असा नाय, पोरी," आणि तो शब्द घालून ती ओळ गायली, दर्याला बोलावलं. रुपालीने तिच्या मागे म्हटली. हिराबायने पुन्हा म्हटली, पोरीने पुन्हा. मग ती थांबलीच नाही. पुढचा सगळा धवला शब्दांसकट झाला, कुणी बायांना उठवलं नाही, डीजेचं पोरगं हात मांडीवर ठेवून ऐकत बसलं. धवल्याचे शब्द मी इथे लिहीत नाही. त्यासाठी आमच्याकडे लग्नाला या.

उठून घरात जाताना ती कनातीजवळ थांबली. म्हणाली, "कोनाला हाक मारलीत, कलला?"

ती गेली आणि दत्ताने बोटाने खूण केली, डीजे सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे लग्नाच्याच दिवशी, मी पहिल्या तरीने करंज्याहून रेवसला गेलो आणि तिथून टमटमने अलिबागला. वाटेत दत्ताचा फोन आला, संध्याकाळी लग्न हाय, पाहुणे विचारतायत, नवरीचा आजा कुठं? मी म्हटलं, दुपारपर्यंत येतो, आणि कुठे चाललोय ते सांगितलं नाही. अन्वर नुकताच शटर वर करत होता. त्याला एक शब्द चुकलाय म्हटलं तर तो म्हणाला, चाचा, यासाठी आलात? फोनवर सांगायचं, कॉम्प्युटरवर आत्ता बदलतो.

एक शब्द बदलणं सोपं होतं. पण बाकीचे शब्द बरोबर आहेत का हे कुणाला विचारणार? विचारायचं तर तिलाच विचारावं लागलं असतं. मी त्याच्याकडून माझी मूळ पानं परत मागितली, पांढऱ्या रंगाची बाटली घेतली आणि त्याच्या टेबलावर बसलो. पहिल्या पानापासून सुरुवात केली. एकेक फुगा आतून पुसत गेलो. माझं अक्षर मी कधी माझ्या हाताने असं पुसलं नव्हतं. रंग वाळला की खाली अक्षराची सावली दिसायची, मग दुसरा हात द्यायचा. अन्वर आधी हसला, मग चहा घेऊन शेजारी बसला.

सगळी पानं वाळत ठेवल्यावर म्हणाला, चाचा, फुगे रिकामेच ठेवायचे तर या शेपट्या कशाला? मी कॉम्प्युटरवर उडवतो, चित्र मोकळं दिसेल.

मी म्हटलं, शेपटीला हात लावू नको. बोलणं कुणाचं आहे ते तरी लोकांना कळू दे.

हात धुतले, नखांतला पांढरा निघाला नाही, तसाच रेवसच्या गाडीत बसलो.